फडताळातलं काय अंगाला लावायचं आणि काय सरळ खाऊन टाकायचं?

साखरफुटाणी (धागाकर्ती)

थंडीची चाहूल लागली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटात घरगुती उपायांना ऊत येतो. टोमॅटो चोळा, बटाट्याचा काप फिरवा, कॉफीत साखर घालून गाल घासा. परवा एका काकूंनी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुस्करून चेहऱ्याला थापायला सांगितली. स्ट्रॉबेरी! आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य: ‘जे खाता येतं तेच त्वचेला लावावं.’

माझं मत विचाराल तर यातल्या निम्म्या वस्तू सरळ खाऊन टाकाव्यात. उरलेल्या निम्म्यांत काही खरंच कामाच्या आहेत. त्या निवडून काढायला हा धागा. तुमच्या घरी वर्षानुवर्षं होणारं, तुम्ही स्वतः वापरलेलं लिहा. प्रमाण लिहा, किती दिवस टिकतं तेही लिहा. थंडीतला खाऊही येऊ द्या. एकच विनंती, ‘आठ दिवसांत गोरेपान’ छापाचं काही नको.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे दिवाळीचं उटणं विकत आणत नाहीत, आणि ते दिवाळीत संपतही नाही, होळीपर्यंत आंघोळीला चालतं. मसुराची डाळ दोन वाट्या, उन्हात खडखडीत वाळवून बारीक दळलेली. त्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांची पूड प्रत्येकी दोन चमचे आणि सावलीत वाळवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या मूठभर. सगळं वस्त्रगाळ करायचं. ही पायरी गाळू नका, चाळणीने भागत नाही. जुनी मलमलची ओढणी डब्याच्या तोंडाला बांधून त्यावर पूड थोडी थोडी झटकत चाळायची. चोथा राहतो तो कुंडीत. कोरडं ठेवलं तर सहा महिने आरामात टिकतं. वापरताना कोरड्या त्वचेला दुधात, तेलकट त्वचेला नुसत्या पाण्यात कालवते. आधी अंगाला तिळाचं तेल लावलेलं असलं की उटणं ते तेल बेताने उतरवतं, सगळं ओरबाडून नेत नाही. त्या दिवशी साबणाला सुट्टी.

---

रातांबा

कुडाळकडून हजेरी. ताई, उटणं झकास. पण थंडीचं म्हणाल तर आमच्याकडे एकच औषध, कोकमतेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात, आमच्या घरात मुठेल. पायांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी कोकणी म्हणून सांगत नाही (बरं, थोडं त्यामुळेही सांगतो).

एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडून सोलं वाळत घातली की बिया उरतात. त्या राखेत घोळून उन्हात वाळवायच्या, वरचं टरफल फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा. तेल वर येतं. ते काढून घेऊन गार केलं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून त्याचे अंड्याएवढे गोळे वळतात. पांढरट-पिवळे, जवळजवळ बिनवासाचे. हे तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून आमच्या मे महिन्यातसुद्धा गोळा गोळाच राहतो. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं, त्याच्याशी तुलना केलीत तर फरक कळेल.

लावायची पद्धत अशी. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, पुसायचे, पण पार कोरडे करायचे नाहीत. पळीत थोडं तेल किसून निखाऱ्यावर, आता गॅसवर, वितळवायचं, बोट बुडवता येईल इतकं निवलं की भेगांत भरायचं. वर सुती मोजे. पाय घासायला दगड वापरा, पण भेगेच्या कडा ब्लेडने कापत बसू नका.

बाजारात ‘कोकम बटर’ नावाने तेच मिळतं, पण भाव ऐकून आमची आजी हसली असती.

---

शंकासुर

धागा छान आहे, वाचतोय. पण एक भाबडा प्रश्न. मेडिकलच्या दुकानात व्हॅसलीनची डबी मिळते. वास नाही, नासत नाही, किसावी लागत नाही. मग निखारे, पळी, मलमलची ओढणी हा सगळा खटाटोप कशासाठी? घरचं म्हणजे चांगलं आणि दुकानातलं म्हणजे ‘केमिकल’ हे काही मला पटत नाही. पाणीसुद्धा केमिकलच आहे.

---

साखरफुटाणी

शंकासुर, व्हॅसलीन आमच्याही घरात आहे, कोण नको म्हणतंय. मला वस्त्रगाळ करताना येणारा कपूरकाचरीचा वास आवडतो. हे कारण पुरेसं नाही का?

---

शंकासुर

हे कारण मान्य. औषधी गुणांच्या यादीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

---

त्वचेची_वैद्य

नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे कुणाला तपासून सल्ला देता येत नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच लिहिते.

‘जे खाता येतं तेच लावावं’ हे वाक्य दिवाळीनंतर आणि लग्नसराईत माझ्याकडे बरेच पेशंट पाठवतं. लसूण आपण रोज खातो. तोच ठेचून त्वचेवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. दालचिनीचा लेपही आग करतो. मिरचीचं तर बोलायलाच नको. पोटात आम्ल असतं, पचनरस असतात. त्वचेचं काम वेगळं, बाहेरचं बाहेर ठेवायचं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. लिंबाचा रस २ च्या आसपास, खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर. म्हणजे ‘लिंबू आणि सोडा’ हा जो लोकप्रिय जोडउपाय आहे, त्यातल्या दोन्ही वस्तू त्वचेला दोन विरुद्ध बाजूंना खेचतात.

लिंबाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण हा प्रश्न येणारच आहे. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत काही द्रव्यं अशी असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत तिथे लाली, कधी फोड, आणि मग काळपट डाग उठतात. डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. रंग उजळायला लावलेलं लिंबू आणि मिळालेले डाग, असा उलटा हिशोब. उन्हात बसून सरबतासाठी पुष्कळ लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवरही हे दिसतं.

साखरफुटाणीताईंच्या उटण्यात बावची (एका औषधी झाडाचं बी) नाही, हे वाचून बरं वाटलं. बाजारच्या काही उटण्यांत ती असते. बावचीत सोरालेन असतं, म्हणजे त्वचेला ऊन जास्त बाधेल असं करणारं द्रव्य. कोडावरच्या उपचारात डॉक्टर त्याच गटातली औषधं मोजून-मापून, ठरावीक प्रकाशाबरोबर वापरतात. ती अंगभर चोळून सकाळच्या उन्हात फिरायला जायची वस्तू नाही. विकतचं उटणं घेताना पाकिटामागची यादी वाचा.

शंकासुर यांना व्हॅसलीनबद्दल पूर्ण अनुमोदन. रातांबांना कोकमतेलाबद्दलही. दोन्हींचं काम एकच, त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देणं. म्हणूनच ‘पाय पार कोरडे करायचे नाहीत’ हे त्यांचं वाक्य मला फार आवडलं. आधी ओल, मग तेल. आंघोळीनंतर दोन-चार मिनिटांत तेल किंवा क्रीम लावलं तर निम्मी लढाई जिंकली. आणि कडकडीत पाण्याने आंघोळ करू नका, कितीही थंडी असली तरी.

---

नलूमावशी

डॉक्टरीणबाई, तुमचं सगळं वाचलं. मी वाईची, वय सत्तरीच्या पुढे. आमच्या वेळी कुठला पीएच आणि कुठलं काय. केसांना शिकेकाई, अंगाला हरभऱ्याचं पीठ आणि तोंडाला रात्री तूप. मला अजून चष्म्याशिवाय दुसरा त्रास नाही.

शिकेकाईचं लिहिते, कारण हल्लीच्या मुली पूड थेट डोक्यावर थापतात, मग कोंड्यासारखे कण केसांत राहतात आणि शिकेकाईच्या नावाने बोटं मोडतात. पूड लावायचीच नसते गं, काढा करायचा असतो. शिकेकाई चार मुठी, आवळकाठी एक मूठ, रिठ्याची टरफलं एक मूठ (बी काढून), मेथ्या दोन चमचे, संत्र्याची वाळकी साल असेल तर थोडी. हे भरड कुटून ठेवायचं. न्हायच्या आदल्या रात्री दोन पळ्या भरड तीन भांडी पाण्यात भिजत टाकायची. सकाळी मंद आचेवर पाव तास उकळायची, हाताने कुस्करून फडक्यातून गाळायची. गाळलेल्या पाण्याने दोनदा केस धुवायचे. फेस फार येणार नाही, फेसाची वाट बघू नका. आदल्या रात्री तेलाची मोट ओतली असेल तर शिकेकाईला ते निघणार नाही, तेल बेतानेच लावा. आणि डोळे मिटून घ्या, डोळ्यांत गेली की पाच मिनिटं आई आठवते.

केलेला काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. उरला तर तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ओता, लखलखतात.

आमच्याकडे बाळालासुद्धा पहिल्या महिन्यापासून डाळीचं पीठ आणि साय लावून अंग चोळत. अंगावरची लव जाते. तुम्ही त्यालाही नाही म्हणणार वाटतं?

---

त्वचेची_वैद्य

नलूमावशी, शिकेकाईच्या काढ्याला मनापासून नमस्कार. गाळून वापरणं हेच बरोबर. रिठा आणि शिकेकाई दोन्हींत फेस करणारं सॅपोनिन असतं, ते मळ काढतं, आणि शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे केसही राठ होत नाहीत.

बाळाच्या बाबतीत मात्र हो, नाहीच म्हणणार. रागावू नका. नवजात बाळाच्या अंगावरची लव काही आठवड्यांत आपोआप झडते, चोळल्याने लवकर जात नाही. पिठाच्या घासण्याने मात्र नाजूक कातडीला इजा होते, कधी पुळ्या उठतात. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सोललेल्या, इसबाच्या किंवा फुटलेल्या त्वचेवर खाण्याचा पदार्थ वारंवार लावला तर शरीर त्या पदार्थालाच शत्रू समजायला शिकू शकतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला एक चेहरा धुण्याचा साबण निघाला होता. तो वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, आधी पोळी-पाव खाऊन काहीही न होणाऱ्या लोकांना. म्हणून बाळाला साधं खोबरेल हलक्या हाताने, बस्स. मोहरीचं तेल नको, पीठ नको, आणि डोळ्यांत घरचं काजळही नको.

---

नलूमावशी

पीठ सोडते. काजळाची तीट गालाला लावू दे तरी.

---

त्वचेची_वैद्य

तळपायाला लावा :)

---

हिरवाचाफा

मी हॉस्टेलवर राहते, माझं स्वयंपाकघर म्हणजे एक इंडक्शन आणि एक डबा. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. कोंड्यासाठी मैत्रीण दही-लिंबू लावते, ते चालेल का? आणि मुरुमांना खोबरेल तेल? घरून मोठी बाटली आलीय.

---

त्वचेची_वैद्य

मुरूम असतील तर चेहऱ्याला खोबरेल नको, रंध्रं बुजायची शक्यता असते. साय आणि तूपही नको. ती बाटली केसांना वापर. न्हायच्या आधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाचं तेल किंवा मिनरल ऑइल तसं करत नाही, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसलं होतं.

दही-लिंबातून लिंबू वगळ. नुसतं दही कोंडा बरा करत नाही, थोडा वेळ खाज शमते इतकंच. तीन-चार आठवड्यांत कोंडा हटला नाही तर केटोकोनॅझोलचा शाम्पू विचारून घे, घरगुती प्रयोगांत महिने घालवू नकोस. दही जेवणात खा.

---

शंकासुर

त्या २००३ च्या संशोधनाचे संशोधक तेल कंपनीतलेच होते, एवढी नोंद करून ठेवतो. निष्कर्ष खोटा आहे असं म्हणत नाही.

---

त्वचेची_वैद्य

रास्त नोंद आहे.

---

वऱ्हाडी_जवस

अमरावतीवरून राम राम. एवढा धागा झाला अन् जवसाचं कोणी नाव नाही घेतलं, म्हणजे कमाल आहे.

आमच्याकडे जवस दोन्ही कामाला. केसांसाठी दोन चमचे जवस एक पेला पाण्यात उकळायचे, सारखं हलवत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तिथंच गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं, गार झालं की ते दाणे सोडत नाही, फडकं पिळून मनगट दुखतं. ही चिकी ओल्या केसांना लावली की कुरळे केस गुंतत नाहीत. मुली बाजारातून जेल आणतात ते हेच. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, वास बदलला की फेकून द्या. डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर घरचं कोणी सब्जाचं सरबत समजून उचलते.

अन् खायला जवसाची चटणी. जवस कोरडे भाजायचे, तडतडले पाहिजेत. थोडे तीळ, लसणाच्या पाकळ्या, लाल मिरच्या, जिरं, मीठ. खलबत्त्यात किंवा मिक्सर थांबवत थांबवत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीवर कच्चं तेल अन् ही चटणी. जवस दळून फार दिवस ठेवू नका, खवट होतो. लागेल तेवढाच करा.

---

बर्फातला_पुणेकर

एडमंटनहून. इथे उणे पंचवीसमध्ये हिटर चालू असतो, हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. नागरमोथा, कपूरकाचरी कुठून आणणार? भारतीय दुकानात मसूर डाळ मिळते, बाकी नाही. माझ्या मुलाला हातापायांवर खाज सुटते, रात्री झोपत नाही. इथल्या फॅमिली डॉक्टरने क्रीम दिलंय, चालू आहे. त्याबरोबर घरी काही करता येईल का? आता डाळीच्या पिठाचं वाचून ते करणार नाही.

---

त्वचेची_वैद्य

दिलेलं क्रीम चालू ठेवा, ते मुख्य. तुमच्याकडे जे मुबलक मिळतं ते ओट वापरून बघता येईल. मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं बारीक करा. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकलं आणि ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं तर जमलं, तळाला बसलं तर आणखी दळा. टबमधल्या कोमट पाण्यात वाटीभर घालून दहा मिनिटं मुलाला बसवा, चोळायचं नाही. बाहेर काढून टॉवेलने टिपा आणि लगेच क्रीम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये असं बारीक ओट त्वचारक्षक म्हणून मान्य केलंय. मी मघाशी फुटलेल्या त्वचेवर अन्न लावू नका म्हटलं, ते इथेही लागू आहे. म्हणून त्वचा चिरलेली किंवा पाणी सुटलेली असेल तेव्हा हे करू नका, आणि मुलाला ओटची ॲलर्जी नाही ना ते आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. टब फार निसरडा होतो, हात धरा. खोलीत हवा दमट ठेवणारं यंत्र असेल तर रात्री लावा.

---

बर्फातला_पुणेकर

खूप धन्यवाद. ओटचा डबा घरात पडूनच आहे, कारण तो खायला कुणी तयार नाही. डॉक्टरांना विचारून कळवतो.

---

साखरफुटाणी

हाच तो क्षण. खायची वस्तू अंगाला गेली. आता अंगाला लावायच्या म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या वस्तू पोटात पाठवूया. आवळा घ्या. केसांना आवळ्याचा रस लावा म्हणतात. मी म्हणते खा.

आवळा सुपारी, माझ्या सासूबाईंची: अर्धा किलो आवळे धुऊन पुसून किसायचे. किसातला रस दाबून काढू नका. सैंधव एक चमचा, जिरेपूड एक चमचा, आल्याचा रस दोन चमचे, थोडा हिंग आणि आवडत असेल तर ओवा. ताटात पातळ पसरून वर फडकं टाकून उन्हात. चार-पाच दिवसांत कुरकुरीत होते. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरचं ऊन याला अगदी बेताचं असतं. जेवणानंतर चिमूटभर. बरणीत वर्षभर टिकते म्हणतात, आमच्याकडे टिकू देत नाहीत.

आणि हळद. चेहऱ्यावर थापून पिवळं होऊन ऑफिसला जाण्यापेक्षा दुधात घाला, भाजीत घाला. सांगलीची हळद आणि वर्ध्याकडची वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, मिळाली तर हळकुंड आणून दळून घ्या. सुटी पूड घ्यायची वेळ आली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून न ढवळता ठेवून बघा. चांगली हळद खाली बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

---

नलूमावशी

आवळ्यात ओवा नको, आलं असताना ओवा कशाला.

आता माझं. थंडीत अळिवाचे लाडू झाले पाहिजेत. पाव वाटी अळीव, एक वाटी नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे. बघता बघता फुगून वाटी भरते. दोन वाट्या ओलं खोबरं (पाठीचा काळा भाग न घेता), सव्वा वाटी चिरलेला गूळ. सगळं एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर, सतत ढवळत. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. फार आटवलं तर लाडू दगड होतात, कमी आटवलं तर बसतात. जायफळ किसून, वेलची. कोमट असताना वळायचे. बाहेर दोन दिवस, फ्रिजात आठवडा.

बाळंतिणीला देतात म्हणून फक्त बाळंतिणीचे नव्हेत. मात्र गरोदरपणात आम्ही देत नाही.

---

रातांबा

मावशी, नारळाच्या पाण्याऐवजी नारळाचं दूध घातलंत तर चव आणखी खुलते. आमच्याकडे तसंच.

---

नलूमावशी

तुमच्याकडे नारळ झाडाला लागतो, आमच्याकडे पिशवीतून येतो. पाणी बरं आहे.

---

हिरवाचाफा

इंडक्शनवर होईल असं काहीतरी सांगा ना, घसा बसलाय आणि परीक्षा आहे.

---

वऱ्हाडी_जवस

आलेपाक कर. आलं सोलून किसून एक वाटी, साखर दोन वाट्या, थोडं दूध. आधी आलं अन् दूध मिक्सरमधून काढ, साखर घालून आटव. कडेला पांढरं दिसायला लागलं, ढवळायला जड झालं की तूप लावलेल्या ताटात ओत अन् गरम असतानाच सुरीने रेघा मार. गार झाल्यावर रेघा मारशील तर चुरा होईल. मिक्सर नसेल तर बारीक किसणीवर किस, तेवढ्याने भागते.

---

त्वचेची_वैद्य

घशासाठी मध चमचाभर, कोमट पाण्यात किंवा नुसता, हेही चांगलं. खोकल्याला आराम पडतो. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटणातूनही नाही. मधात कधी कधी असे जिवाणू असतात जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाला त्यातून स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. मावशी, हे खास तुमच्यासाठी.

आणि फराळाचं तळण चालू असतं म्हणून सांगते. हात भाजला तर तूप, मध, हळद, टूथपेस्ट यातलं काही नाही. साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही. मग फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर दवाखाना.

---

नलूमावशी

जन्मल्यावर सोन्याचं वळं मधात बुडवून चाटवायचो आम्ही. बरं. आता वळंच चाटवू.

---

शंकासुर

ते धुऊन घ्या आधी.

एक विषय राहिला म्हणून लिहितो. घरगुती म्हणजे निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी मशेरी आठवावी. तव्यावर भाजलेला तंबाखू, चूल, घरचं, आजीच्या हातचं, सगळ्या अटी पूर्ण. गावाकडे कितीतरी बायका अजून दात घासायला तीच लावतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका घेतात. दिवसातून चार-चार वेळा ‘दात घासणं’ चालतं, कारण ते व्यसन असतं. ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती सोडवायला मदत करा, ओरडून नव्हे. तोंडात पांढरा चट्टा असेल, जबडा पूर्ण उघडत नसेल तर तपासून घ्या.

---

साखरफुटाणी

शंकासुर, या धाग्यावर तुमचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींशी यावर बोलायचंच आहे.

---

बर्फातला_पुणेकर

एक शंका. इथे ओला नारळ क्वचित मिळतो. अळिवाच्या लाडवाला फ्रीझरमधला खवलेला नारळ चालेल का? की डेसिकेटेड?

---

साखरफुटाणी

फ्रीझरमधला उत्तम. पूर्ण वितळू द्या, सुटलेलं पाणी फेकू नका, त्यातच अळीव भिजवा, कमी पडलं तर दूध. डेसिकेटेड कोरडं असतं, तेच असेल तर अर्धी वाटी कोमट दूध शिंपडून पंधरा मिनिटं ठेवा आणि गूळ थोडा कमी घ्या. दूध घातलेले लाडू मात्र फ्रिजातच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.

---

रातांबा

कोकमतेल कुठे मिळेल म्हणून व्यक्तिगत निरोप येतायत, त्यांना एकत्रच उत्तर. मी विकत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरीतले महिला बचत गट करतात, कोकण महोत्सवासारख्या प्रदर्शनांत त्यांचे गाळे असतात. नवं तेल पावसाळ्याच्या तोंडाला येतं, पण गोळे वर्षभर चांगले राहतात, त्यामुळे आत्ता घेतलंत तरी हरकत नाही. घेताना नख मारून बघा. शुद्ध गोळा कडक, ठिसूळ असतो, बोटाने दाबून सहज खड्डा पडला तर त्यात दुसरं तेल आहे.